जळाऊ लाकडासाठी परवडणारी यंत्रकरवत : निवड आणि निगा

(सत्तरी तालुक्यातील काजू-बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलण्याची कामगिरी माझ्याकडे सोपविण्यात आली आहे, तो विषय वरवर पाहता लहान वाटेल. पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला आपण बोलताना चेनसॉ किंवा नुसतेच मशीन म्हणतो, ती विकत घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, एवढाच तो विषय आहे. परंतु गेल्या काही वर्षांत हे यंत्र इतक्या झपाट्याने आपल्या वाड्यावाड्यांत पोहोचले आहे, आणि इतक्या निरनिराळ्या नावांनी व किमतींनी बाजारात मिळू लागले आहे, की या बाबतीत थोडा विचार करणे आवश्यक झाले आहे. चुकीच्या निवडीने केवळ पैसेच जातात असे नाही. हात किंवा पायही जाऊ शकतो.

जळाऊ लाकडाची गरज अजून आहे

स्वयंपाकाचा गॅस आता बहुतेक घरांत आला आहे. तरीसुद्धा न्हाणीचे पाणी तापविण्यासाठी, भात उकडून उकडा तांदूळ करण्यासाठी आणि विशेषतः मार्च ते मे या काळात हुर्राक व फेणीच्या भट्ट्यांसाठी लाकूड लागतेच. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाचा दर्जा मिळाला. त्या फेणीची भट्टी आजही अनेक ठिकाणी लाकडावरच पेटते.

हे लाकूड आपल्याला बहुधा आपल्याच बागेतून मिळते. जुनी, उत्पन्न न देणारी काजूची झाडे काढून त्या जागी वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अथवा बाळ्ळी-२ अशा जातींची कलमे लावताना लाकूड निघते. रोठ्याने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीने, मेलेली झाडे तोडावी लागतात. शिवाय वादळवारा आहेच. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यात किती झाडे कोसळली, रस्ते कसे अडले आणि वीज कशी खंडित झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवसांत ज्या वाड्यावर चांगले चालणारे एक मशीन व ते चालविण्याची माहिती असलेला एक माणूस होता, तो वाडा इतरांपेक्षा लवकर मोकळा झाला असणार, हे उघड आहे.

या यंत्राचा पूर्वेतिहास

यंत्राची रचना समजण्यासाठी त्याचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती उचलण्यास दोन माणसे लागत. एका माणसाला वापरता येईल अशी पेट्रोल करवत १९५० च्या सुमारास प्रचारात आली.

त्यापूर्वीच अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक महत्त्वाचा शोध लावला होता. १९४६ साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी त्याच्या पाहण्यात आली. ती आपल्या जबड्याने डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडत सहज पुढे सरकत होती. तोच क्रम साखळीच्या दात्यांना द्यावा, म्हणजे एक दाता डावीकडे वळलेला व दुसरा उजवीकडे वळलेला असावा, असे त्याने ठरविले. १९४७ पासून त्याने अशा साखळ्या बनविण्यास प्रारंभ केला. आज आपल्याला मिळणाऱ्या बहुतेक साखळ्या त्याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. आपल्या काजूच्या खोडात शिरून झाडाचा नाश करणारा रोठा हा त्याच भुंग्याच्या कुळातील आहे. ज्या किड्याला आपण शत्रू मानतो, त्याच्याच एका भाईबंदाकडून माणूस हे काम शिकला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रथम गरज मोजावी

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत. आपल्याला कापावयाचे लाकूड किती जाड आहे? ते कोणत्या झाडाचे आहे? आणि वर्षातून किती दिवस हे काम निघते?

मनगटाएवढ्या फांद्यांसाठी कोयता व कुऱ्हाड पुरेशी आहे. त्यासाठी यंत्राची आवश्यकता नाही. काजूच्या फांद्या साधारणपणे १० ते २५ सेंटिमीटर आणि बुंधा ३० ते ४५ सेंटिमीटर जाडीचा धरला, तर १६ इंची अथवा १८ इंची बार, म्हणजे सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीची पट्टी, पूर्णपणे पुरते. ओंडका याहून जाड असल्यास तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. केवळ कधीकाळी एखादा आंबा किंवा फणस तोडावा लागेल म्हणून २२ इंची बार घेणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज मोठे पातेले चुलीवर ठेवण्यासारखे आहे.

बारच्या लांबीला शोभेल एवढी इंजिनाची शक्ती असावी लागते. १४ ते १६ इंची बारसाठी ३५ ते ४० सीसीचे, १८ इंचीसाठी ४५ ते ५० सीसीचे, आणि २० इंची व त्यापुढील बारसाठी ५५ सीसी अथवा त्याहून मोठे इंजिन असावे, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. लहान इंजिनाला लांब बार जोडला की साखळी लाकडात अडते, क्लच तापतो आणि यंत्र अकाली निकामी होते. लांब बार पाहून गिऱ्हाईक खूश होते, हे विक्रेत्याला ठाऊक असते; म्हणून या मोहापासून सावध राहावे.

लाकडाचा प्रकारही पाहावा. काजूचे लाकूड तुलनेने मऊ असते. ऑस्ट्रेलियन अकेशिया, किंदळ व माट्टी ही लाकडे त्याहून कठीण. माडाचा बुंधा तर वेगळ्याच जातीचा : त्याचा गाभा मऊ, परंतु बाहेरचा भाग अतिशय घट्ट असून तो साखळीचे दाते फार लवकर बोथट करतो. ज्यांच्याकडे माड तोडण्याचे काम जास्त आहे, त्यांनी यंत्राच्या किमतीपेक्षा साखळीच्या व कानशीच्या खर्चाचा हिशेब आधी करावा.

लेबलावरील आकडे तपासावेत

अत्यंत स्वस्त यंत्रांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. ५८ सीसी, ६२ सीसी असे लिहिलेले असते आणि आत इंजिन मात्र त्याहून लहान असू शकते. याची पडताळणी कागद-पेन्सिलीने करता येते. सिलिंडरचा अंतर्व्यास आणि दट्ट्याची धाव हे दोन आकडे माहितीपुस्तिकेत दिलेले असावेत. व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५ ने व नंतर धावेने गुणावे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास उत्तर सीसीमध्ये येते. उदाहरणार्थ, व्यास ४.५ सेंटिमीटर व धाव ३.३ सेंटिमीटर असेल, तर ते इंजिन सुमारे ५२ सीसीचे होय. मग वर काहीही छापलेले असो. ज्या पुस्तिकेत हे आकडे दिलेलेच नाहीत, त्या यंत्राविषयी अधिक चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्राचे वजनही विचारावे. लाकूड कापण्यायोग्य यंत्रे बार व साखळी सोडून साधारण ४ ते ६ किलोग्रॅमपर्यंत असतात. दुकानात ते दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर दोन मिनिटे धरून पाहावे. हात थरथरू लागले, तर बागेच्या उतारावर दुपारच्या उन्हात काय होईल, याची कल्पना तेथेच येईल. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात अधिक होतात.

दुरुस्तीची सोय

यंत्राची किंमत म्हणजे केवळ दुकानात मोजलेले पैसे नव्हेत. स्टार्टरची दोरी तुटली, कार्ब्युरेटरचा पडदा फाटला किंवा क्लचची स्प्रिंग गेली, तर तो भाग वाळपई, फोंडा किंवा म्हापसा येथे मिळेल काय? दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे काय? या प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर निम्म्या किमतीत मिळालेले यंत्र पहिल्याच पावसाळ्यानंतर अडगळीत पडून राहील.

बारवर, इंजिनाकडील टोकाशी, तीन गोष्टी कोरलेल्या असतात : साखळीचा पिच, खोबणीची रुंदी आणि साखळीतील ड्राइव्ह-कड्यांची संख्या. हे तीन आकडे कागदावर उतरून घ्यावेत आणि याच मापाची साखळी आपल्याकडे तयार आहे काय, असे दुकानदाराला विचारावे. खोबणीपेक्षा जाड साखळी बारमध्ये बसतच नाही, आणि पातळ साखळी डगमगते व वाकडी कापते. साखळी ही झिजणारी वस्तू आहे. ती सहजासहजी मिळणार नसेल, तर ते यंत्र आपल्या उपयोगाचे नाही.

सुरक्षेची पाच अंगे

किमतीत काटकसर करताना काही अंगांवर काटकसर करू नये. अशी पाच अंगे मी सांगतो.

पहिले, साखळीचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर जी ढाल असते ती पुढे ढकलताच साखळी तत्काळ थांबली पाहिजे. चांगल्या यंत्रात ही ढाल केवळ हाताच्या धक्क्याने नव्हे, तर यंत्र उसळल्याच्या जोराने आपोआपही पुढे जाते. १९७० च्या दशकात ही सोय प्रचारात आली आणि तिने अगणित माणसांचे प्राण वाचविले आहेत. दुकानात, यंत्र बंद असताना, ढाल पुढे करून जाड हातमोजा घालून साखळी ओढून पाहावी; ती जागची हलता कामा नये.

दुसरे, थ्रॉटलची कडी. मागच्या मुठीच्या वरच्या बाजूस असलेली कडी तळहाताने दाबल्याखेरीज थ्रॉटल हलता कामा नये. त्यामुळे फांदीत अडकून यंत्र अचानक वेग घेत नाही.

तिसरे, साखळी पकडणारा आकडा. साखळी तुटली किंवा बारवरून उतरली, तर ती मागे येऊन हातावर बसू नये म्हणून हा आकडा असतो. हा भाग लहान असला तरी तो नसलेले यंत्र घेऊ नये.

चौथे, कंप शोषून घेणारी रचना. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे अथवा स्प्रिंगचे सांधे असावेत. दिवसचे दिवस कंप सहन करणाऱ्या माणसाची बोटे पांढरी पडतात व बधिर होतात. हा विकार जडला की सहजासहजी जात नाही.

पाचवे, बंद करण्याची कळ. ती अंगठ्याने, मूठ न सोडता, दाबता आली पाहिजे.

किमतीचा हिशेब

आता पैशाचे गणित मांडून पाहू. बाजारभाव बदलत असतात. म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल समजावेत. समजा, चांगल्या प्रतीचे यंत्र १८,००० रुपयांना मिळाले आणि शिरस्त्राण, कानावरील आच्छादन, पायांचे संरक्षक आवरण व बूट यांना ६,००० रुपये लागले. एकूण भांडवल २४,००० रुपये. समजा, यंत्रासह माणूस मजुरीवर आणला तर दिवसाला १,५०० रुपये पडतात आणि स्वतःच्या यंत्राचा पेट्रोल, तेल व साखळीची झीज मिळून दिवसाचा खर्च ५०० रुपये येतो. म्हणजे स्वतःची मेहनत न मोजता दिवसाला १,००० रुपये वाचतात. भांडवल भरून निघण्यास २४ दिवसांचे काम हवे.

ज्याच्याकडे वर्षाला चार दिवसांचेच काम आहे, त्याला यासाठी सहा वर्षे लागतील. आणि वर्षातून ३६१ दिवस पडून राहणारे यंत्र सहा वर्षे चांगले राहीलच असे नाही. परंतु तीन शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घेतले व तिघांचे मिळून बारा दिवसांचे काम झाले, तर दोन वर्षांत भांडवल वसूल होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ८,००० रुपये येतात. आठ हजारांचे निकृष्ट यंत्र एकट्याने घेण्यापेक्षा त्याच आठ हजारांत चांगल्या यंत्राचा तिसरा हिस्सा घेणे केव्हाही शहाणपणाचे. मात्र अशा सामाईक यंत्राची देखभाल कोणी एकानेच करावी आणि चालविणारेही ठरलेले एक-दोघेच असावेत. सर्वांचे ते कोणाचेच नाही, ही गोष्ट यंत्रांच्या बाबतीत विशेष खरी आहे.

याच हिशेबातून दुसरीही एक गोष्ट निघते. ज्याच्याकडे दोन-तीन दिवसांचेच काम आहे आणि सामाईक खरेदीला शेजारी तयार नाहीत, त्याने यंत्र विकत न घेता जाणकार माणसाला मजुरी द्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. तसेच कृषी यंत्रांसाठी शासनाच्या साहाय्याच्या योजना वेळोवेळी असतात. आपल्या विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जावे आणि सध्या कोणत्या यंत्रांना साहाय्य मिळते व अर्ज खरेदीपूर्वी करावयाचा की नंतर, याची चौकशी पैसे देण्याच्या आधीच करावी.

पेट्रोल आणि तेल

या यंत्राचे इंजिन दोन-घाती असते, म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ असे प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर तेल. अंदाजाने ओतू नये. औषधाच्या मापाने मोजावे. तेल कमी पडले तर दट्ट्या सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन कायमचे जाते. जास्त झाले तर धूर होतो व प्लग काळा पडतो.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्याला काय तोटा! असे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने राहिले, तर पाणी खाली बसते, रबराच्या नळ्या फुगतात आणि कार्ब्युरेटरचे पडदे कडक होतात. पावसाळ्यानंतर यंत्र सुरू न होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. यास्तव यंत्र कोणत्या प्रमाणापर्यंतचे इथेनॉल सोसते हे खरेदीच्या वेळीच विचारावे. मिश्रण एका महिन्यात संपेल एवढेच करावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उरणार नाही.

साखळीला व बारला वेगळे तेल लागते आणि त्यासाठी वेगळी टाकी असते. काही जण गाडीचे काढलेले जुने काळे तेल यात घालतात. त्यात धातूचे बारीक कण असतात. ते तेलाचा पंप आणि बार दोन्ही खातात. घरचे खोबरेल घालण्याचाही मोह होतो. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात खोबरेल थिजते हे आपल्या घरच्या बाटलीतच दिसते, मग बारीक नळीत ते कसे वाहणार? बारचे तेल म्हणून जे विकले जाते तेच वापरावे. तेल चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्राच्या बारचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या खोडासमोर धरून वेग द्यावा. खोडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

धार

चांगली धार असलेली करवत भुसा टाकत नाही, ढलप्या टाकते. पिठासारखा भुसा पडू लागला, किंवा यंत्र दाबावे लागले, की धार गेली असे समजावे. बोथट साखळी दाबून चालविणारा माणूस पेट्रोल वाया घालवतो, बार तापवितो आणि स्वतःचा तोल धोक्यात आणतो.

धार लावण्यासाठी गोल कानस लागते आणि तिची जाडी साखळीच्या पिचनुसार ठरते. लहान यंत्रांवरील तीन-अष्टमांश इंची लो-प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची, तर ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस वापरावी. दात्याच्या वरच्या कडेचा कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा असतो. कानस आतून बाहेरच्या दिशेने, एकाच बाजूने ढकलावी. मागे-पुढे घासू नये. एका बाजूचे सर्व दाते झाल्यावर दुसऱ्या बाजूचे घ्यावेत आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत, नाहीतर करवत एका अंगाला वळते. टाकी भरण्यासाठी थांबलो की दोन-तीन हात कानस मारावी, अशी सवय लावली तर साखळी दीर्घकाळ टिकते.

साखळीचा ताणही पाहावा. ती बारला खालून चिकटलेली असावी, परंतु हातमोजा घालून ओढल्यास मोकळेपणी फिरावी. नवी साखळी पहिल्या तासाभरात सैल होते, म्हणून तेव्हा वारंवार तपासावे. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटकून साफ करावा.

यंत्र हाती घेतल्यावर

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला, की यंत्र एका क्षणात वर व मागे उसळते. माणसाला सावरण्यास अवधीच मिळत नाही. मानेवरच्या व चेहऱ्यावरच्या जखमा बहुधा अशाच होतात. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी मुठी धराव्यात, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवावा, आणि साखळीच्या रेषेत उभे न राहता किंचित डावीकडे उभे राहावे. खांद्याच्या वर करवत नेऊ नये. शिडीवर किंवा झाडावर चढून ती चालवू नये. ते काम पूर्ण प्रशिक्षण व दोरखंडाची साधने असलेल्यांचे आहे.

यंत्र सुरू करताना ते जमिनीवर ठेवावे, ब्रेक लावावा, मागच्या मुठीत उजवा पाय घालून दोरी ओढावी. एका हाताने लोंबकळत धरून दोरी ओढण्याची पद्धत सर्रास दिसते. ती ताबडतोब सोडून द्यावी.

वादळाने पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा फसवे असते. त्याच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात. कोणत्या बाजूस दाब आहे व कोणत्या बाजूस ताण, हे आधी पाहावे; दाबाच्या बाजूने थोडे कापून मग ताणाच्या बाजूने पूर्ण करावे. मुळांसह उपटलेल्या झाडाचा बुंधा कापताच मुळांचा गड्डा परत खाली बसू शकतो. त्याच्या मागे-पुढे कोणी, विशेषतः मुले, उभी राहू देऊ नयेत. विजेची तार अडकलेली असेल, तर वीज खात्याची माणसे येईपर्यंत झाडाला हातही लावू नये.

पायांचे संरक्षक आवरण हा अनावश्यक खर्च वाटतो. त्यात लांब धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी लागताच ते धागे ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि साखळी थांबते. साध्या पँटने किंवा दुमडलेल्या लुंगीने हे होणार नाही. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर आच्छादन हवेच. एकट्याने काम करू नये. जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जेथे मोबाइलला रेंज नाही अशा ठिकाणी जाण्यापूर्वी, रेंज कोठे मिळते ते पाहून ठेवावे.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरासह गोव्यात अनेक ठिकाणी वणवे लागले. हाच काजूचा हंगाम आणि हाच भट्टीसाठी लाकूड तोडण्याचा काळ. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतावर ठेवला तर आग लागण्यास वेळ लागत नाही. यंत्र साफ केलेल्या मातीवर ठेवावे. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे आणि भरल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. सायलेन्सरमधील ठिणगी अडविणारी जाळी काढून टाकू नये.

कायद्याचे बंधन

यंत्र आपले असले आणि जमीन आपली असली, तरी झाड तोडण्याची मुभा आपोआप मिळत नाही. १९८४ च्या गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खाजगी जमिनीतील झाड तोडण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. मेलेल्या, पडलेल्या किंवा धोकादायक झाडाविषयीही आधी वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारणा करावी. पूर्वी एक झाड कुऱ्हाडीने पाडण्यास अर्धा दिवस जाई आणि तेवढ्या वेळात विचार करण्यास सवड मिळे. आता ते काम काही मिनिटांत उरकते. हात जितका वेगवान झाला आहे, तितकाच विचार अगोदर झाला पाहिजे. एक जुने झाड काढल्यास त्या जागी कलम लावण्याची तयारी आधीच असावी.

तोडलेले लाकूड लगेच जाळू नये, हेही येथे सांगून ठेवतो. ताज्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणीच असतो. ओंडके फोडून, खाली दगड किंवा दांडे घालून, वरून झाकलेल्या पण चोहोबाजूंनी वारा खेळेल अशा ठिकाणी रचावेत. सुकलेले लाकूड कमी लागते, धूर कमी होतो आणि डोळेही वाचतात. चुलीपुढे बसणाऱ्या भगिनींना याचे महत्त्व अधिक सांगण्याची गरज नाही.

समारोप

सारांश, परवडणारे यंत्र म्हणजे सर्वांत स्वस्त यंत्र नव्हे. ज्याचा बार आपल्या लाकडापुरता आहे, ज्याचे इंजिन त्या बारला पेलणारे आहे, ज्याचा ब्रेक थांबवितो, ज्याची साखळी तालुक्याच्या बाजारात मिळते आणि ज्याच्या किमतीत अंगावरील संरक्षक साधनेही बसतात, तेच यंत्र आपल्याला परवडते. हे एकट्याला शक्य नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर न घ्यावे.

 येथे बाजूच्या टेबलावर एक बार, दोन मापांच्या कानशी आणि एक झिजलेली साखळी ठेवलेली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी, हाताळावी आणि आपल्या शंका विचाराव्यात.